नळीवरचं नाव

(दृश्य: पुण्यातला एक दवाखाना. खुर्चीत तिशीतला तरुण. दंडाला आवळलेला रबरी पट्टा.)

मूठ मिटलेली आहे. सिस्टर कोपराच्या खोबणीतली शीर बोटानं चाचपते, स्पिरिटचा बोळा फिरवते आणि सुई आत जाते. दोन नळ्या भरतात, साधारण २० मिलिलीटर रक्त. नळीत आधीच थोडं सायट्रेट असतं, म्हणून रक्त गोठत नाही.

दोन वर्षं झाली, अंघोळीनंतर मोरीच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका दिसतो. घरच्या एका लग्नात काकांनी सगळ्यांदेखत त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अरे, तू तर माझ्या आधी!" सगळे हसले, तोही हसला. त्या लग्नाच्या अल्बममध्ये मात्र तो कुठे सापडत नाही. केस गळणं म्हणजे नुसता दिसण्याचा प्रश्न, असं म्हणणाऱ्यानं तो अल्बम एकदा चाळावा.

आज त्याचं पीआरपी आहे. प्लेटलेट-रिच प्लाझ्मा: स्वतःच्याच रक्तातला, प्लेटलेट एकवटलेला द्रव, केस वाढावेत म्हणून टाळूत टोचायचा.

प्लेटलेट हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो डेंग्यूमुळे. "आज किती आल्या?" हा प्रश्न पावसाळ्यात प्रत्येक वॉर्डात ऐकू येतो. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलीटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. जखम झाली की त्या तिथे धावतात, रक्त थांबवतात आणि पेशींना वाढीचा निरोप देणारी प्रथिनं सोडतात. नव्वदच्या दशकात जबड्याच्या शस्त्रक्रियांमध्ये हाड लवकर भरून यावं म्हणून त्यांचा वापर झाला. हाच निरोप केसांच्या मुळांना दिला तर? पीआरपीमागचा विचार एवढाच आहे.

(दृश्य: सेंट्रिफ्यूज, नळ्या गरगर फिरवणारं यंत्र. झाकण बंद होतं, घरघर वाढत जाते.)

यंत्र थांबल्यावर नळी उजेडात धरली की तीन थर दिसतात. तळाशी गडद लाल पेशी, वर गवती पिवळं पाणी आणि मधे सायीसारखा पातळ पांढुरका पापुद्रा. प्लेटलेटचा साठा या पापुद्र्यापाशी असतो. तो उचलताना हात सरावाचा लागतो. यंत्र फार जोरात फिरलं तर प्लेटलेट तिथेच फुटतात, कमी फिरलं तर नीट वेगळ्या होत नाहीत. नुसते मिनिटाचे फेरे सांगूनही भागत नाही, कारण तेवढ्याच फेऱ्यांना मोठ्या व्यासाच्या यंत्रात जोर जास्त बसतो. म्हणून दोन दवाखान्यांतलं पीआरपी एकच औषध असेल, असं धरून चालू नका.

"स्वतःचंच रक्त आहे, मग धोका कसला?" हे वाक्य जाहिरातीत असतं, दवाखान्याच्या भिंतीवर असतं. ते अर्धं खरं आहे. स्वतःच्या प्लाझ्माची ॲलर्जी जवळपास होतच नाही. पण सुन्न करण्यासाठी दिलेल्या औषधाची क्वचित होऊ शकते. शिवाय हे रक्त शरीराबाहेर पडलं, हाताळलं गेलं आणि मग परत आत गेलं. खरा धोका या मधल्या प्रवासात आहे.

(दृश्य: टाळूवर टोचली जाणारी बारीक सुई, जवळून.)

जे सहसा होतं ते आधी सांगतो. सेंटिमीटरभर अंतरानं, थोडं थोडं द्रव सोडत, टाळूवर कितीतरी वेळा टोचलं जातं. दुखतं. भूल दिली तरी कपाळाच्या कडेला जास्तच दुखतं. रक्ताचे ठिपके येतात, डोकं ठणकतं, एखाद्याला चक्कर येते. त्या दिवशी दुचाकी घरीच ठेवलेली बरी, हेल्मेटचा दाबही सहन होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी कपाळ जड वाटतं आणि पापण्या सुजलेल्या दिसतात. टाळूत सोडलेलं द्रव हळूहळू खाली उतरतं, त्याची ही सूज. पाहून घाबरायला होतं, पण ती दोन-चार दिवसांत ओसरते. काहींचे केस सुरुवातीचे काही आठवडे उलट जास्तच गळतात.

वाट पाहू नये अशी लक्षणं वेगळी आहेत: दिवसागणिक वाढणारं दुखणं, पू, ताप, टाळूची कातडी पांढरी किंवा काळी पडणं. आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, दिसेनासं झालं, तर त्याच क्षणी मोठं रुग्णालय गाठा. चेहऱ्यावर, डोळ्यांच्या आसपास पीआरपी टोचल्यावर कायमचं अंधत्व आल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अशा घटना दुर्मीळ आहेत, पण सुई रक्तवाहिनीत शिरली तर काय होऊ शकतं हे त्यातून कळतं.

(दृश्य: स्वयंपाकघरातला बंद फ्रीज. संथ.)

आता अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात जाऊ. २०१८ साली चाळिशीतल्या एका महिलेला एचआयव्ही असल्याचं निदान झालं. नेहमीचं कोणतंच कारण सापडेना. काही महिन्यांपूर्वी तिनं एका स्पामध्ये, स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीनं, चेहऱ्यावर उपचार करून घेतले होते. तपासणीला गेलेल्यांना स्वयंपाकघराच्या ओट्यावर रक्तानं भरलेल्या नळ्यांचा स्टँड दिसला. एकाही नळीवर नाव नव्हतं. फ्रीजमध्येही खाण्याच्या पदार्थांशेजारी तशाच नळ्या होत्या. उघड्या सिरिंजा खणात पडलेल्या होत्या आणि एकदाच वापरायच्या वस्तू पुन्हा वापरल्या जात होत्या. स्पाकडे परवाना नव्हता. २०२४ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं अहवाल दिला की तीन महिलांना एचआयव्हीची लागण बहुधा तिथेच झाली.

त्या महिला टाळूवरचे नव्हे, चेहऱ्यावरचे उपचार घ्यायला गेल्या होत्या. पण नळी तीच, यंत्र तेच आणि "स्वतःचंच रक्त" हा दिलासाही तोच.

आपल्याकडेही राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये केशरोपणाबाबत सांगावं लागलं की यूट्यूबवर पाहून किंवा एखाद्या कार्यशाळेत बसून हे काम करण्याइतकं प्रशिक्षण होत नाही. पार्लरच्या मागच्या खोलीत पीआरपी करून घेणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं, ही कळकळीची विनंती.

ज्यांच्या प्लेटलेट कमी आहेत, ज्यांना रक्ताचा आजार आहे, टाळूवर संसर्ग आहे किंवा दिवस गेले आहेत, त्यांनी पीआरपी करू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि हृदयासाठी दिलेली ती गोळी केसांसाठी परस्पर बंद करू नका!

गुण येतो का? टक्कल नुकतं पडू लागलेल्या अनेकांना येतो. इटलीतल्या एका अभ्यासात २० पुरुषांच्या अर्ध्या डोक्यावर पीआरपी टोचलं, अर्ध्यावर नाही. टोचलेल्या बाजूचे केस दाट झाले. वर्षभरानंतर त्यांतल्या चौघांचे पुन्हा गळू लागले. गुळगुळीत झालेल्या टाळूवर, जिथे मूळच उरलेलं नाही, तिथे काही उगवत नाही. आणि टायफॉइड, डेंग्यू किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी जे भसाभस केस गळतात, ते बहुतेकदा आपोआप परत येतात. अशी केसगळती घेऊन आलेल्या बाईला पीआरपीचं पॅकेज विकण्याआधी तिचं हिमोग्लोबिन, लोह आणि थायरॉइड तपासायला हवं. हे न करणाऱ्यांचा मला राग येतो.

(दृश्य: पुन्हा पुण्यातला दवाखाना.)

सिस्टर रक्त काढलेली सुई पांढऱ्या, जाड डब्यात टाकते. सिरिंजचं नवं पाकीट त्याच्यासमोर फाडते. मग यंत्रातून काढलेली नळी त्याच्यापुढे धरते, "नाव वाचून घ्या."

तो नळी उजेडाकडे धरतो. नाव, तारीख, वेळ. आडनावात एक अक्षर चुकलं आहे.

"हे मी नाही," तो म्हणतो.

सिस्टर खुर्ची ओढून बसते. रजिस्टर उघडते, नळीचा क्रमांक नोंदीशी ताडून पाहते, त्याचं आडनाव एकेक अक्षर विचारून नवं लेबल लिहिते आणि तो वाचेपर्यंत थांबते.