चाकाखालचं गणित

हा काळा ठसा बघा. ट्रकच्या टायरला शाई फासली, खाली जाड कागद सरकवला आणि जॅक हळूहळू खाली घेतला. एवढ्याशा जागेतून ते चाक रस्त्याला टेकतं.

ठसा लांबट आहे, पण रस्ता आखतानाच्या हिशेबात तो गोल धरतात. चाकावरचा भार 20 किलोन्यूटन, म्हणजे जवळपास दोन टन. टायरचा दाब 0.56 मेगापास्कल. भाराला दाबानं भागलं की क्षेत्रफळ मिळतं, त्यातून त्रिज्या: साडेदहा सेंटीमीटरपेक्षा किंचित जास्त.

आता ही चारी. वर डांबर, मग खडी, मग मुरूम, तळाशी मूळ माती. ओझं खाली जाता जाता पसरतं. सगळी जमीन एकाच जातीची मानली, तर फ्रेंच गणितज्ञ बुसिनेस्कच्या सूत्राप्रमाणे ठशाच्या व्यासाइतक्या खोलीवर दाब वरच्या दाबाच्या तीस टक्क्यांच्याही आत येतो.

पण मागची चाकं जोडीनं असतात. खरी मेख इथंच आहे, म्हणून जरा थांबू. टेप लावलेली दिसतेय? दोन टायरमधली फट 10 सेंटीमीटर, मध्यापासून मध्यापर्यंत 31. फटीच्या निम्म्या खोलीपर्यंत, म्हणजे 5 सेंटीमीटरपर्यंत, प्रत्येक चाकाचं ओझं वेगळं. मध्यांमधल्या अंतराच्या दुप्पट, 62 सेंटीमीटरखाली, मातीला दोन चाकं कळतच नाहीत. तिच्यासाठी ते 40 किलोन्यूटनचं एकच चाक. मधल्या खोलीसाठी लॉग-लॉग कागदावर, म्हणजे दोन्ही बाजूंना लॉगरिदमची मापं असलेल्या आलेखावर, हे दोन बिंदू (5 सेंटीमीटरला 20 आणि 62 ला 40 किलोन्यूटन) सरळ रेषेनं जोडायचे. 25 सेंटीमीटरवर उत्तर येतं 31 किलोन्यूटन. हाच समतुल्य एकचाकी भार.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात, ओटावाजवळ, 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवत ठेवले. त्या नोंदींतून निघालं, की रस्त्याची झीज साधारण भाराच्या चौथ्या घातानं वाढते. तुलनेसाठी धरलेला प्रमाण एक्सल, म्हणजे चाकांचा आस, 80 किलोन्यूटनचा. तो 100 झाला तर भार सव्वापट, झीज जवळजवळ अडीचपट.

म्हणूनच नुसत्या गाड्या मोजून भागत नाही. एकूण वजन नियमात असलं तरी माल मागं रचला की मागचा एक्सल बोलतो. प्रत्येक एक्सल वेगळा तोललाच पाहिजे, आणि तोही रस्त्याच्या आराखड्याच्या आधी.

नाहीतर डांबराला तळातून भेगा, मातीत खोल चाकोऱ्या.

हा ट्रक काट्यावर चढतोय. पुढचा एक्सल झाला. मागचा यायचाय.