बाटलीतले जिवाणू मातीत गेल्यावर काय होते?

नमस्कार. फळछाटणी जवळ आली की निफाड, दिंडोरी आणि पिंपळगाव बसवंत भागांतील द्राक्ष बागायतदार एकच प्रश्न विचारू लागतात: ठिबकमधून सोडलेले जिवाणू मातीतल्या मूळच्या जिवाणूंना हुसकावून लावतात का? ॲझोटोबॅक्टर (हवेतील नत्र स्थिर करणारा जिवाणू), स्फुरद विरघळवणारे जिवाणू आणि ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी बुरशी) कशासाठी देतात, हे आपणांस ठाऊकच आहे; त्यात वेळ घालवत नाही.

आधी हिशेब करू. खत नियंत्रण आदेशानुसार द्रवरूप जिवाणू खताच्या एका मिलीलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. एकरी एक लिटर दिले आणि वरच्या १५ सेंटिमीटर थरातील सुमारे ८५० टन मातीत ते पसरले, तर एका ग्रॅमच्या वाट्याला जेमतेम सव्वाशे पेशी येतात. ठिबकने ते बोदातच, म्हणजे वेलीच्या ओळीतील उंचवट्याच्या मातीतच, पडतात, हे मान्य. परंतु विसावा हिस्सा माती धरली तरी आकडा अडीच हजारांच्या आतच राहतो, आणि तिथे एका ग्रॅममध्ये मूळचे जिवाणू कोट्यवधी असतात. पर्वणीच्या दिवशी रामकुंडावर उतरलेले एखादे कुटुंब जितके उठून दिसेल, तितकेच हे पाहुणे उठून दिसतात.

"मग मात्रा दुप्पट करतो," असे एका प्रेक्षकांनी लिहिले आहे. दुप्पट केल्याने कोटींची बरोबरी होत नाही, आणि प्रश्न केवळ संख्येचा नाही. निर्जंतुक केलेल्या मातीत जो जिवाणू तग धरतो, तोच नैसर्गिक मातीत सहसा काही आठवड्यांत ओसरतो, कारण तेथील अन्नावर स्थानिकांचा ताबा असतो आणि आदिजीव (मातीतले एकपेशीय सूक्ष्म प्राणी) त्याला खाऊन टाकतात. शेणखत न घालता केवळ बाटल्या ओतणाऱ्यांविषयी माझी तक्रार आहे ती याचसाठी.

तरीही पाहुणा काहीच ठेवून जात नाही, असे नाही. न्यूझीलंडमध्ये लोटस या चाऱ्याच्या पिकाला एक रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी बांधून नत्र पुरवणारा जिवाणू, दिला होता. काही वर्षांनी गाठींमध्ये भलतेच, स्थानिक जिवाणू आढळले, आणि गाठी बांधण्याची जनुके त्यांनी त्या पाहुण्याकडूनच उचललेली होती. १९९५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. एरवी मूळच्या समुदायातील बदल बहुधा अल्पकाळ टिकतो. मला तर वर्षानुवर्षे फवारलेल्या बोर्डो मिश्रणातून (मोरचूद व चुन्याच्या बुरशीनाशकातून) साचणाऱ्या तांब्याची चिंता अधिक वाटते, कारण ते कुठेही ओसरत नाही. त्याविषयी मात्र मला कोणीही विचारत नाही.

शेवटी, आळवणीनंतर, म्हणजे मुळांशी द्रावण सोडल्यावर, माती तपासून "जिवाणूंचा काउंट वाढला" म्हणणाऱ्यांसाठी: प्रयोगशाळेतल्या साध्या प्लेटवर मातीतील बहुतांश जिवाणू वाढतच नाहीत, आणि जे वाढतात त्यांत आपला कोणता व गावचा कोणता, हे ती मोजणी सांगत नाही. त्यापेक्षा बागेतल्या चार ओळी आळवणीविना सोडा आणि पांढरी मुळी (अन्न-पाणी शोषणारी कोवळी मुळे) दोन्हीकडे उकरून पाहा.