धुक्यात कोणाचं ऐकायचं?

मंडळी, पावसाळा तोंडावर आला की मला एक प्रश्न हमखास येतो. "सर, डोंगरात वाट शोधायला जीपीएसचं यंत्र घेऊ का, की फोन पुरेल?" होकायंत्राचं नाव कोणी काढत नाही. ते शाळेतल्या भूगोलाबरोबरच संपलं, असा समज असावा.

आधी एक फजिती सांगतो. ऑगस्ट महिना, हरिश्चंद्रगड, आम्ही सात जण. कोकणकड्यावरून देवळाकडे परत निघालो होतो. उघडीप असेल तर अर्ध्या तासाची चाल. त्या दिवशी मात्र पुढच्या माणसाच्या पाठीवरची सॅक दिसेना. वरच्या पठारावर ढोरवाटा किती आहेत, हे तुम्हाला माहीत आहे; प्रत्येक वाट खरीच वाटते. फोनमध्ये ट्रॅक, म्हणजे नकाशावर आखलेली वाट, होता. पण काचेवर थेंब पडला की नकाशा आपोआप मोठा व्हायचा, पुसायला गेलं की कुठेतरी भलतीकडेच सरकायचा. पुसायचं तरी कशाने? शर्टसुद्धा पिळून काढण्यासारखा. शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीतली टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा कागदी नकाशा, काढली, होकायंत्रावर पूर्व धरली आणि एकाला पुढे उभा करत, त्याच्यापर्यंत जात, परत त्याला पुढे पाठवत चाललो. देवळाजवळच्या ओढ्याचा आवाज आला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

यावरून मी कागदाचा कैवार घेणार, असं वाटत असेल तर थांबा. हाच प्रवास उलटा करून बघा. देवळाकडून कड्याकडे, त्याच धुक्यात, नुसत्या होकायंत्रावर. सुई इमानदारीत दिशा दाखवत राहील आणि तुम्हाला थेट कड्याच्या टोकाशी नेऊन सोडेल. टोक शंभर पावलांवर आहे की दहा, हे ती सांगत नाही. आजूबाजूचे डोंगर दिसत असतील तर त्यांच्यावर रोख धरून आपली जागा काढता येते. धुक्यात रोख धरायचा कशावर? तिथे फोनवरचा तो निळा ठिपका लाखमोलाचा.

फोनबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला, रेंज गेली की जीपीएस बंद. तसं नाही. साधारण २०,२०० किलोमीटरवरच्या उपग्रहांचा संदेश फोन थेट ऐकतो, टॉवर लागत नाही. टॉवरमुळे फक्त सुरुवातीची शोधाशोध लवकर आटोपते. टॉवर नसेल तर प्रत्येक उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती त्याच्याकडूनच घ्यावी लागते, आणि तो ती सेकंदाला ५० बिट या बैलगाडीच्या वेगाने पाठवतो. म्हणजे आकाश मोकळं असताना अर्धा मिनिट सलग ऐकायला हवं. नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, किंवा कड्याच्या पोटात उभे राहून फोन हलवत बसाल तर ऐकणं मध्येच तुटतं. दुसरा गैरसमज असा की बॅटरी नकाशामुळे संपते. मुख्यतः तसं नाही. सतत उजळलेली काच आणि डोंगरात रेंज शोधत राहणारा फोन ती खातो. नकाशा घरीच उतरवून घ्या आणि गाडीतून उतरल्यावर फोन विमान मोडवर टाका.

हातात धरायचं जीपीएस यंत्र म्हणजे याच कामासाठी बांधलेला दगड. बटणं ओल्या बोटांनी, हातमोज्यांतूनही दाबता येतात, आणि साध्या यंत्रांत दोन पेन्सिल सेल घातले की दिवस निघतो. स्क्रीन मात्र बघून हसू येईल. किंमत पाच आकडी. पावसाळ्यात पंचवीस जणांना घेऊन जाणाऱ्याने किंवा हिमालयात आठवडाभर चालणाऱ्याने ते जरूर घ्यावं. वर्षातून तीनदा राजमाच्याला जाणाऱ्याने ते पैसे बुटांवर घालावेत.

अमेरिकेतला भाचा येताना उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणतो म्हणाला, तर त्याला आधी थांबवा. साधं जीपीएस फक्त ऐकतं. बोलणारं यंत्र आपल्याकडे परवान्याशिवाय चालत नाही. ते सामानात सापडल्यामुळे परदेशी पाहुणे विमानतळावर अडकले आहेत.

आता टोपोशीट. सर्व्हे ऑफ इंडियाची, १:५०,०००. कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर २० मीटरला. म्हणजे १५ मीटरचा उभा कातळटप्पा दोन रेषांच्या मधून बेमालूम निसटू शकतो, आणि पाय मोडायला १५ मीटर खूप झाले. फोनवरचे नकाशेही इथे फार शहाणे नसतात. पूर्वीच्या शीट एव्हरेस्ट यांनी काढलेल्या पृथ्वीच्या आकाराच्या मापावर बेतलेल्या आहेत. हे जॉर्ज एव्हरेस्ट म्हणजे देशाची मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटन यांच्या कामाचे वारस, आणि मोजणी करता करता लॅम्बटन १८२३ मध्ये वारले ते आपल्या हिंगणघाटला. जीपीएसचं माप वेगळं. त्यामुळे जुन्या शीटवर जीपीएसचे आकडे तसेच मांडले तर आपल्या भागात शंभर मीटरच्या आसपास चूक येते. पठारावर चालून जाईल. डोंगराच्या अरुंद धारेवर नाही.

होकायंत्राला आपल्याकडे एक सुख आहे: चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात अंशभरही नाही. दुःख असं की आपला काळा कातळ स्वतःच थोडा चुंबकीय असतो. यंत्र कातळावर ठेवून वाचू नका, छातीशी धरा. फोनच्या कव्हरला चुंबकाची झडप असेल तर तेही लांब ठेवा.

आणि आकडे वाचायला शिका. फोन १९.३८ अंश दाखवतो. घाबरलेला माणूस मदतीसाठी फोन करून सांगतो, "एकोणीस अडतीस." ऐकणारा लिहितो १९ अंश ३८ मिनिटं. खरे तर १९.३८ अंश म्हणजे १९ अंश २२ मिनिटं ४८ सेकंद. या एका गडबडीत मदतीची तुकडी २८ किलोमीटर उत्तरेला जाऊन पोचेल. म्हणून "अंश" आणि "दशांश चिन्ह" हे शब्द तोंडाने उच्चारा, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

टेबलावर ४७ ई/१५ ही शीट पसरून ठेवली आहे, हरिश्चंद्रगड तिच्या डाव्या कडेला आहे. चहा येईपर्यंत तोलारखिंड शोधा आणि तिथून देवळापर्यंत कंटूर मोजून चढ किती ते मला सांगा. फोन खिशातच राहू दे.