स्विच फेजवर

श्रोतेहो, नमस्कार. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यात घराघरांत रंगकाम निघतं, माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची लाकडी चौकट) चढते आणि कुणीतरी स्टुलावर उभं राहून बल्बच्या होल्डरशी खटपट करतं. म्हणून आज बोलूया स्विच आणि सॉकेटच्या वायरिंगवर.

पेडण्याला आमच्या काकींचं जुनं चिऱ्यांचं घर आहे. चवथीच्या आदल्या रात्री माटोळीवरचा एलईडी बल्ब स्विच बंद केला तरी मिणमिणत राहिला. काकींनी हात जोडले. "राखणदार जागा आहे हो!" पोरंही नमस्कार करून झोपायला गेली. आणि चुलतभाऊ ओल्या हातांनी त्याच होल्डरखाली आंबाडे, कांगलां बांधतोय! (प्लास्टिकची फळं टांगणाऱ्यांबद्दल माझं मत विचारू नका. रानाचा वास नाही ती माटोळी कसली?)

सकाळी वायरमन आला. बल्ब काढला, स्विच बंदच ठेवून होल्डरच्या पिनेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला! कुण्या जुन्या कारागिराने स्विचमधून फेज, म्हणजे वीज आणणारी तार, न्यायची सोडून न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, फिरवली होती. म्हणजे स्विच बंद, पण २३० व्होल्ट होल्डरपर्यंत हजर. पावसाने ओल्या झालेल्या भिंतीत थोडासा प्रवाह झिरपायचा, तेवढ्यावर बल्ब मिणमिणायचा. मेन बंद करून त्याने तारा बदलल्या. त्या रात्री बल्ब ठार विझला आणि काकी हिरमुसल्या. "राखणदाराला घालवलंस रे," म्हणाल्या.

तेव्हा स्विच फेजवर. न्यूट्रलवर नाही, फेजवर. इंडिकेटरच्या स्विचमुळेही बल्ब मिणमिणतो, पण परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्याच.

सॉकेटचं थोडक्यात. समोर उभे राहा: वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. तिसरी पिन लांब असते ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून; ती कापू नका. गिझरला १६ अँपिअरचा सॉकेट आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. हिरवी तार फक्त अर्थिंगला, फक्त अर्थिंगला. लोक चकचकीत मॉड्युलर प्लेटवर पैसे उधळतात आणि अर्थिंगला हात आखडतात, हे मला कधीच समजलेलं नाही.

बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर त्याचं टेस्ट बटण चवथीआधी एकदा दाबा. खटका पडला नाही, तर माटोळीआधी वायरमनला बोलवा. नमस्कार.