डिक्री हातात, डिक्रीदार गेलेला

मंडळी, पैशाचा दावा जिंकून डिक्री, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा हुकूम, मिळवलेला माणूस (डिक्रीदार) वारला की घरच्यांना कोणीतरी सांगून टाकतं, ‘आता ते पैसे विसरा.’ मागे बायको आणि मुलीच उरल्या असतील तर हा सल्ला फारच लवकर मिळतो. तो साफ खोटा आहे, आणि त्यावर विश्वास ठेवून लोक हक्काच्या पैशावर पाणी सोडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दावा चालू असताना वादी वारला तर वारसांना ९० दिवसांत रेकॉर्डवर यावं लागतं. वसुलीच्या दरखास्तीला, म्हणजे डिक्रीची अंमलबजावणी करून घ्यायच्या अर्जाला, ही अट नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २२, नियम १२ने ती वगळली आहे. चालू दरखास्त वारस पुढे नेऊ शकतात, दाखलच नसेल तर नवी करू शकतात.

धोका आहे तो मुदतीचा. समजा, कापसाचे पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्याविरुद्ध एका शेतकऱ्याला २०१६ साली ४ लाखांची डिक्री मिळाली आणि २०२१ साली तो वारला. दरखास्तीची मुदत १२ वर्षांची, ती २०१६पासूनच मोजायची. मृत्यूमुळे एक दिवसही वाढत नाही.

आता त्याची बायको कोर्टात गेली की विचारणा होते, उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे मयताचं येणं कोणी वसूल करायचं हे ठरवणारा कोर्टाचा दाखला, कुठे आहे? ती पिशवीतून तलाठ्याकडची वारस नोंद, रेशन कार्ड, मृत्यूचा दाखला काढते. यातलं काहीच इथे चालत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५च्या कलम २१४नुसार मयताला येणं असलेल्या पैशाची डिक्री वसूल करायला वारसाकडे प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला), उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा तशाच ताकदीचा कागद हवा. आपल्याकडचा १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखालचा कोर्टाचा वारस दाखलाही चालतो, मात्र त्यात हे येणं नमूद असलं पाहिजे. यामागचं कारण रास्त आहे: देणेकऱ्याने एका वारसाला पैसे दिले आणि उद्या दुसरा दारात उभा राहिला, असं व्हायला नको. शेतजमिनीच्या खंडाला मात्र हे कलम लागत नाही.

चालू दरखास्तीत नुसतं नाव लावायलाही प्रमाणपत्र हवं का, यावर उच्च न्यायालयांत मतभेद आहेत. म्हणून माझं सांगणं असं, की प्रमाणपत्राचा अर्ज लगेच करा, पण त्याची वाट बघत दरखास्त अडवून ठेवू नका. मुदतीत ती दाखल करा आणि अर्ज प्रलंबित असल्याचं कोर्टाला लेखी कळवा.

आणि भाऊ सही देत नाही म्हणून बहिणींनी थांबू नये. आदेश २१, नियम १५प्रमाणे एकाला सगळ्यांच्या वतीने दरखास्त करता येते. जे सामील झाले नाहीत त्यांचं हित जपणारा हुकूम कोर्ट करतं.