कान ठणकतो, दुखणं घशाचं

श्रोतेहो, नमस्कार. आत्ता, ऐकता ऐकता, एक आवंढा गिळून बघा. कानात बारीकसा टक् आवाज आला ना? तो एका नळीचं तोंड उघडल्याचा आवाज. पडद्यामागची पोकळी नाकाच्या मागच्या बाजूला जोडणारी ही युस्टेशियन नळी, मोठ्या माणसात जेमतेम साडेतीन सेंटीमीटरची. कानातला हवेचा दाब तीच सांभाळते.

सर्दीत नाक-घसा आतून सुजतो, तशी या नळीची तोंडंही सुजतात. मग ती उघडेनाशी होते, पडदा आत ओढला जातो, कानाला दडे बसतात आणि कान ठणकायला लागतो. घसा धरलाय, नाक चोंदलंय आणि कानही दुखतोय, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं, विषाणूंची साधी सर्दी. ती आठवडा-दहा दिवसांत उतरते. अँटिबायोटिकचा तिच्यावर काडीचाही उपयोग नाही, म्हणून मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या कृपा करून घेऊ नका. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा, विश्रांती घ्या. नाक जोर लावून शिंकरू नका. एक नाकपुडी दाबून दुसरी हलकेच मोकळी करा.

लहान मुलांची मला जास्त काळजी वाटते. त्यांची नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे पडद्यामागे पाणी साचून पू होतो. बोलता न येणारं बाळ सर्दीनंतर तापतं, रात्री किंचाळून उठतं, सारखा कान ओढतं, दूध ओढताना रडतं. त्याला डॉक्टरांना दाखवा. कानात तेल मुळीच घालू नका. पडद्याला भोक पडलं असेल तर ते थेट आत उतरतं.

सर्दी-खोकला काही नाही, पण घसा अचानक धरला, ताप चढला, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आले, तर तो स्ट्रेप्टोकोकस जिवाणू असू शकतो. घशाचा नमुना तपासून ते कळतं. इथे मात्र अँटिबायोटिक लागतं आणि ते सांगितलेले सगळे दिवस घ्यावं लागतं, कारण अंगावर काढलेल्या या दुखण्यातून संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. तोंड उघडेना, लाळ गिळवेना, श्वास लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

ॲलर्जी, सायनस, घशाशी येणारं आम्लपित्त, यांनीही असा त्रास होतो. आणि कधी कान तपासला तर अगदी स्वच्छ निघतो! घशाच्या आणि कानाच्या काही संवेदना एकाच मज्जातंतूतून मेंदूकडे जातात, त्यामुळे टॉन्सिलचं दुखणं कानात जाणवतं. अक्कलदाढही अशीच फसवते.

तंबाखू किंवा सिगारेटची सवय आहे आणि तीन आठवडे एकाच बाजूचा घसा आणि कान दुखतोय? मग कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने घसा खालपर्यंत तपासून घ्या. घशाच्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी एवढीच असते, आणि ही तपासणी काही मिनिटांत होते.