मचाणावरचे मनन

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

जागलीला गेलेल्या माणसाला रात्र किती मोठी असते, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. रानडुकरांच्या भीतीने कास्तकार वावरातल्या मचाणावर बसतो, मधूनमधून डबा वाजवतो, बॅटरी मारतो, आणि उरलेल्या वेळात त्याचे मन पीककर्ज, मुलीचे लग्न आणि कापसाचा भाव यांच्याभोवती घाण्याच्या बैलासारखे फिरत राहते. बायबलमधील 119 व्या स्तोत्राच्या कर्त्याने नेमकी हीच वेळ मननासाठी धरली आहे. वचनाचे मनन करावे म्हणून रात्रीच्या प्रहरांत आपले डोळे उघडे असतात, असे तो म्हणतो.

ध्यान म्हणजे मन रिकामे करणे, अशी एक समजूत आहे. ख्रिस्ती मननात मात्र मनाला एक वचन दिले जाते आणि ते तिथे मुरू दिले जाते. पहिल्या स्तोत्रातला धन्य पुरुष परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करतो. तेथे मूळ हिब्रू क्रियापद ‘हागा’ असे आहे, आणि यशयाच्या ग्रंथात तेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी व घुमणाऱ्या पारव्यासाठीही वापरले आहे. मनन ही एके काळी ऐकू येणारी, ओठांतल्या ओठांत पुटपुटण्याची गोष्ट होती. 12 व्या शतकात दुसरे ग्विगो या कार्थुसियन (एकांतवासी ख्रिस्ती मठपंथातील) संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशी चार पायऱ्यांची शिडी मांडली. वाचनाने घास तोंडात येतो आणि मननाने तो चावला जातो, असे त्याचे म्हणणे होते. मठांतल्या लॅटिन लेखकांनी तर यासाठी सरळ रवंथ हाच शब्द वापरला. दिवसभर वखर ओढून आलेला बैल रात्री गोठ्यात डोळे अर्धवट मिटून काय करतो, हे पाहिलेल्या माणसाला त्यापुढे फारसे शिकवण्याची गरज नाही.

नामस्मरणाची सवय असलेल्या मराठी मनाला हे परके वाटू नये. नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात ज्यांच्या हाती नवा करार पडला आणि 1895 साली ज्यांचा बाप्तिस्मा झाला, ते रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत असत.

आता अवघड भागाकडे वळतो. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे 23 व्या स्तोत्रातील वचन पाठ करायला सोपे आहे. पण 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने पोखरलेली बोंडे ज्याने स्वतःच्या हाताने फोडून पाहिली, त्याने ते कसे म्हणावे? माझ्या मते, त्याने घाईने म्हणू नये. 77 व्या स्तोत्रातल्या आसाफाला झोप येत नाही, तो इतका व्याकूळ आहे की त्याला बोलवत नाही, आणि देव कृपा करायला विसरला काय, असे तो उघड विचारतो. त्याच स्तोत्रात पुढे तो देवाच्या कृत्यांचे मनन करीन म्हणतो. तक्रार मननाच्या आतच बसते, ती बाहेर ठेवून येण्याची अट बायबलमध्ये कुठे दिसत नाही. उपदेशक मंडळी (त्यांत मीही आलो) हे स्तोत्र पुरेसे वाचत नाहीत.

करावयाचे ते थोडकेच आहे: एक वचन घ्यावे, श्वासाच्या लयीत हळू म्हणावे, मन बाजारभावाकडे गेले तर न रागावता त्याला परत आणावे, आणि जो शब्द अडेल तिथेच थांबावे.

आमच्या मंडळीतील एका वृद्ध कास्तकाराला मी 23 वे स्तोत्र असेच दिले होते. दोन महिन्यांनी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पाळकसाहेब, मी त अजून पयल्याच ओळीवर हाओ. ‘उणे’ म्हणतो, अन् थांबतो.”